गिअर २२, तरी सायकल ढकलत: गिअरची संख्या वेगळी, गिअरचा हलकेपणा वेगळा

तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरलं की थोड्याच वेळात रस्ता चढाला लागतो. किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर गेलेल्याला कोकणाचं हे गणित पाठ असतं: हे गाव खाडीकाठी, पुढचं गाव खाडीकाठी, आणि मधे सडा, म्हणजे उंचावरचं खडकाळ पठार. माझी रोड सायकल २२ गिअरची, मागे कॅरिअरला दोन पॅनियर, म्हणजे सामानाच्या पिशव्या. मित्राची जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, २४ गिअरची. अर्ध्या चढात मी उतरून ढकलायला लागलो. तो सीटवर बसूनच, गोगलगायीच्या चालीने, माझ्या शेजारून वर गेला. "वर सरबत सांगून ठेवतो," म्हणाला. ते अजून खुपतं.

२४ म्हणजे माझ्यापेक्षा दोनच जास्त, पण फरक त्या दोन गिअरांचा नव्हताच. सायकल घेताना आपण विचारतो "गिअर किती?" आणि मनात असतं "चढ चढेल का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानदार पहिल्याचं उत्तर देतो, आपण दुसऱ्याचं मिळालं असं समजून घरी येतो.

संख्या म्हणजे नुसता गुणाकार: पुढे पेडलपाशी ३ चेनरिंग (दातेरी चक्रं), मागच्या चाकाला ७ दातेरी चकत्या, झाले २१. हलकेपणा म्हणजे भागाकार: पुढच्या सगळ्यात लहान चेनरिंगचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते. उत्तर जितकं लहान, तितका गिअर हलका. माझ्याकडे पुढे ५०-३४, मागे ११ ते ३२. म्हणजे ३४ भागिले ३२, १.०६. पेडलची एक पूर्ण फेरी मारली की सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. मित्राकडे पुढे ४२-३२-२२, मागे ११ ते ३२. मागची मोठी चकती दोघांची सारखीच, पण त्याचा भागाकार ०.६९, आणि एका फेरीत सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते.

आता हे चढावर नेऊ. सायकल, सामान आणि मी मिळून १०० किलो धरा, त्याचंही तेवढंच, चढ ८ टक्क्यांचा. मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर माझा वेग होतो ताशी ८ किलोमीटर, त्याचा ५. नुसतं वजन वर उचलायला मला लागतात सुमारे १७५ वॉट, त्याला ११०. तो ज्या जोरात गप्पा मारत तासभर जाईल, त्याच्या दीडपटीहून जास्त जोर मी लावत होतो. मग मीही ताशी ५ ने का जाऊ नये? जाता येतं, पण माझ्या गिअरमध्ये तेव्हा मिनिटाला ३८ च फेऱ्या पडतात, आणि प्रत्येक फेरी गुडघ्यावर येते.

संख्येचा फुगा कसा असतो ते २१ गिअरच्या साध्या सायकलीत नीट दिसतं. पुढे ४८-३८-२८, मागे १४ ते २८, ही त्यातली नेहमीची मांडणी. त्यात ४८ ला २४ वर टाका किंवा २८ ला १४ वर, दोन्हीचं उत्तर २. तोच गिअर दोनदा मोजलेला! असे सारखे आणि जवळजवळ सारखे काढून टाकले की खरे वेगळे उरतात तेराच्या आसपास. उलट रोहलॉफचा जर्मन स्पीडहब घ्या. मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत फक्त १४ गिअर, पण सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या सव्वापाच पट. त्या २१ वाल्यात हे प्रमाण साडेतीन पटही नाही.

माझ्या सायकलीत हे प्रमाण सव्वाचार पट होतं, म्हणजे वाईट नव्हतं. पण ते सगळं जड बाजूला खर्ची पडलेलं. ५० ला ११ वर टाकून मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या की वेग ताशी ४६. लादलेल्या सायकलीला हा वेग फक्त उतारावर येतो, आणि तिथे माझे दोन्ही हात ब्रेकवर असतात.

संख्येला काहीच अर्थ नाही असं नाही. समोरून वारा असला की दोन गिअरांमधली पायरी लहान असलेली बरी वाटते, आणि ती चकत्या वाढल्याने मिळते. पण चकत्या वाढल्या की चेन अरुंद होते. तालुक्याच्या गावी सात चकत्यांच्या फ्रीव्हीलची (मागच्या चकत्यांच्या जुडग्याची) चेन मिळून जाते, अकराची शोधत हिंडावं लागतं.

सामान घेऊन कोकणात जायचं तर भागाकार ०.९ च्या आत हवा, ०.७ असेल तर सोन्याहून पिवळं. मोठ्या घाटांची उगाच धास्ती असते. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर म्हणजे ४० किलोमीटर, पण चढ बराचसा एकसारखा, एकदा लय लागली की निभतं. जीव काढतात ते किनाऱ्यावरचे छोटे, उभे चढ.

आहे त्याच सायकलीत बदल करायचा तर आधी मागे बघा. सातच्या फ्रीव्हीलमध्ये १४ ते ३४ मिळतं. वरच्या २१ वाल्यातल्या २८ च्या चेनरिंगबरोबर भागाकार १ वरून ०.८२ वर येतो. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ ची चकती झेपणारा आहे का, ते आधी विचारा. त्याला दुसरीही मर्यादा असते: पुढच्या मोठ्या-लहान चेनरिंगमधला फरक अधिक मागच्या चकत्यांमधला फरक. ५०-३४ आणि ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. डिरेलरचा चेन ताणून धरणारा खालचा हात, म्हणजे पिंजरा, आखूड असेल तर त्याला एवढी सैल चेन ओढून धरता येत नाही.

मी पुढे ४६-३० बसवलं, मागे ११-३४. पुढचा डिरेलर थोडा खाली सरकवावा लागला. भागाकार आता ०.८८. मित्राने खाली वाकून दोन्हीकडच्या चकत्या मोजल्या आणि विचारलं, "एवढा खर्च करून गिअर २२ च?"