जकातमुक्ती आणि शहरांची देखभाल

महाराष्ट्रातील महापालिकांचे कर रद्द झाल्याने किंवा माफ केल्याने रस्ते, जलवाहिन्या, गटारे, पूल, पथदिवे यांच्या देखभालीवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय आहे. यात तीन करांचा संबंध येतो : जकात, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर म्हणजेच एलबीटी, आणि घरपट्टी. घरपट्टीला मुंबईत मालमत्ता कर आणि पुण्यात मिळकतकर म्हणतात.

जकात म्हणजे शहराच्या हद्दीत वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावरचा कर. मुंबईत दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथील नाक्यांवर तो घेतला जाई. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा, वाया जाणारे डिझेल, पावतीविना सुटणारा माल आणि काही शहरांत ठेकेदारांच्या माणसांची दांडगाई यांमुळे जकात बदनाम झाली होती. अर्थतज्ज्ञांनी तर ती अनेक दशके निकृष्ट कर म्हणूनच गणली. ही टीका रास्त होती. पण जकातीचे दोन गुण या टीकेत झाकले गेले. एक म्हणजे पैसा रोजच्या रोज महापालिकेच्या तिजोरीत पडे, त्यासाठी मंत्रालयाकडे बघावे लागत नसे. दुसरे म्हणजे बहुतेक मालावर ती किमतीच्या टक्केवारीने लागत असल्यामुळे भाव वाढले, व्यापार वाढला, वस्ती वाढली की उत्पन्नही आपोआप वाढे. शहराच्या वाढीबरोबर वाढणारा असा दुसरा कर महापालिकांकडे नव्हता.

ती टप्प्याटप्प्याने गेली. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महापालिकांत २०१० पासून आधी काही लहान शहरांत आणि २०१३ मध्ये पुणे, ठाणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत एलबीटी आली. मुंबईत जकातच राहिली. एलबीटीत नाका नव्हता, व्यापाऱ्याने हिशेबाच्या वह्यांवरून स्वतः कर भरायचा होता. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. एलबीटी घालवण्याचे आश्वासन २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत दिले गेले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे जवळजवळ सगळेच सुटले. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा उरलेली एलबीटी आणि मुंबईची जकात दोन्ही संपल्या. त्याआधी २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांच्या अधिकारातल्या विषयांच्या घटनेतील यादीतील, जकातीची नोंद क्र. ५२ वगळली होती. जाहिरात कराची नोंद क्र. ५५ हीसुद्धा तेव्हाच गेली. याची चर्चा फारशी झाली नाही.

बदल्यात राज्याने २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना भरपाई देणारा कायदा केला. २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरून त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढीने रक्कम द्यायची, असे त्याचे सूत्र आहे. मुंबईला जुलै २०१७ मध्ये मिळालेला पहिला मासिक हप्ता ६४७ कोटी ३४ लाख रुपयांचा होता. या हिशेबाने रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. केंद्राकडून राज्याला मिळणारी जीएसटी भरपाई जून २०२२ मध्ये संपली तरी महापालिकांचे अनुदान चालू राहिले, हे राज्याच्या बाजूने नमूद करायला हवे.

अडचण रकमेपेक्षा तिच्या स्वरूपात आहे. आकडा २०१६-१७ च्या शहरावर बेतलेला आहे आणि शहरे तेथे थांबलेली नाहीत. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. या गावांतल्या रस्त्यांचे, ओढ्यांचे, कचऱ्याचे ओझे पायाभूत वर्षात कुठेच नव्हते. जकात असती तर तेथे जाणारी सिमेंटची प्रत्येक गोणी काही ना काही देऊन गेली असती. आता गोणी जाते, इमारत उभी राहते, आणि महापालिकेच्या वाट्याला ठरलेली आठ टक्के वाढच येते.

उत्पन्न आखडले की अंदाजपत्रकात सर्वांत आधी देखभालीला कात्री लागते. यामागे कोणाचा दुष्टपणा नसतो. पगार, निवृत्तिवेतन, पंपिंगचे वीजबिल, कर्जाचा हप्ता, कचरा उचलणाऱ्यांची देयके या गोष्टी महिन्याच्या महिन्याला द्याव्याच लागतात. नवा उड्डाणपूल भांडवली खर्चात बसतो, त्यासाठी केंद्र किंवा राज्याच्या योजनेतून पैसा येतो, भूमिपूजन होते, कोनशिला बसते. देखभाल महसुली, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चात मोडते. तिला योजना नसते, कोनशिला नसते, आणि ती यंदा केली नाही तरी यंदा काही कोसळत नाही. म्हणून ती पुढे ढकलली जाते.

डांबरी रस्त्याचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. वरच्या थराला बारीक चिरा पडतात तेव्हा त्या बुजवणे आणि पातळ थर देणे स्वस्त पडते. ते टळले तर पुढच्या पावसात पाणी चिरांतून खडीच्या थरापर्यंत उतरते, वाहनांच्या भाराने खालची खडी हलते आणि खड्डा पडतो. खड्डा भरला तरी खालचा ओला थर तसाच असतो, म्हणून भरलेला खड्डा आठ दिवसांत पुन्हा उघडतो. शेवटी रस्ता पायापासून उकरून करावा लागतो आणि तो खर्च वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट असतो. जलवाहिन्यांचेही असेच आहे, फक्त त्या जमिनीखाली असल्यामुळे गळती वर्षानुवर्षे दिसत नाही. कर रद्द झाला ते वर्ष आणि रस्ता फुटला ते वर्ष यांत मोठे अंतर पडते, आणि या अंतरामुळेच दोहोंची सांगड लोकांच्या मनात बसत नाही.

जकात गेल्यावर महापालिकांच्या हातात स्वतःचा मोठा कर म्हणजे घरपट्टीच राहिली. तिच्यावरही सवलतींची कुऱ्हाड चालली. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला. मालमत्ता कराच्या देयकात जलकर, मलनिःसारण कर, पथकर, वृक्ष उपकर, शिक्षण उपकर असे वेगवेगळे भाग असतात, ते चालू राहिले. १ जानेवारी २०२२ पासून मात्र सगळाच मालमत्ता कर माफ झाला. सुमारे १६ लाख घरांना लाभ झाला आणि महापालिकेचे वर्षाला चारशे कोटींहून अधिक उत्पन्न गेले. चाळीत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला दिलासा हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण माफीत पथकरही गेला, म्हणजे रस्त्यासाठी म्हणून वेगळा काढलेला पैसाही त्यात वाहून गेला. राज्याने जाहीर केलेल्या या माफीचा भार महापालिकेवर पडला. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले, तरी अनुच्छेद २४३-भ नुसार कोणता कर बसवायचा याचा अधिकार राज्य विधिमंडळ देईल तेवढाच त्यांना मिळतो. अशा माफीचे मूळ तेथे आहे.

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. ती मध्ये बंद झाली, लोकांना फरकाची देयके गेली, ओरड झाली आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरायला लागलेल्या रांगा पुणेकरांना आठवत असतील. याच्या जोडीला थकबाकीवरची शास्ती माफ करणाऱ्या अभय योजना येतात. दरमहा दोन टक्के शास्ती भरायची की योजनेची वाट पाहायची, हा हिशेब थकबाकीदारांना नेमका कळतो. वेळेवर भरणाऱ्यावर हा अन्याय आहे.

या विषयाचे सर्वांत अभ्यासले गेलेले परदेशी उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. ६ जून १९७८ रोजी तेथील मतदारांनी ‘प्रस्ताव १३’ मंजूर केला. मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर आला, मूल्यवाढ वर्षाला २ टक्क्यांवर रोखली गेली आणि घर विकले जाईल किंवा नवे बांधकाम होईल तेव्हाच नवे मूल्य धरायचे ठरले. स्थानिक संस्थांचे या कराचे उत्पन्न पहिल्याच वर्षी निम्म्याहून खाली गेले. राज्याकडे शिल्लक होती, तिने काही काळ तग धरला. कोणताही राज्य कर वाढवायला विधिमंडळात दोनतृतीयांश बहुमत लागेल, ही अटही त्याच प्रस्तावातली. रस्त्यांचा पैसा इंधन करातून येई, त्याचा मूळ दर १९९४ पासून गॅलनमागे १८ सेंटवर अडकून पडला. २०१७ मध्ये तो १२ सेंटने वाढवणाऱ्या कायद्यातच पुढच्या दहा वर्षांची तूट मांडली होती : राज्य महामार्गांसाठी ५९ अब्ज डॉलर आणि स्थानिक रस्त्यांसाठी ७८ अब्ज डॉलर. सॅन होजे, फ्रीमाँट भागात अलीकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना याची दुसरी बाजूही ठाऊक आहे : शेजारी तसेच घर असलेले जुने कुटुंब त्यांच्या कितीतरी कमी कर भरते.

करकपात झाली म्हणून खड्डे पडले, असे सरळ समीकरण मात्र मांडता येत नाही. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि माणसे मेली, तेव्हा मुंबई महापालिकेकडे हजारो कोटींच्या मुदत ठेवी होत्या. तेथे पैसा नव्हता म्हणून नव्हे, तर तपासणीच धड झाली नव्हती म्हणून जीव गेले. भरपूर कर घेऊनही निकृष्ट काम होते, हे नागरिक पाहतात आणि कर भरताना हात आखडता घेतात. त्यांना दोष देणे कठीण आहे.

पुण्याच्या समाविष्ट गावांत हाच पेच उघडा पडला. ग्रामपंचायतीच्या मानाने कितीतरी पट मिळकतकर आला, तेव्हा तेथील रहिवासी विचारू लागले की पाणी टँकरने येते, रस्ता मातीचा आहे, मग कर कशाचा? महापालिकेचे म्हणणे, कराशिवाय वाहिनी कशातून टाकायची? २०२४ मध्ये राज्य सरकारने त्या गावांतील वसुलीला स्थगिती दिली. टँकर चालूच राहिले.