ओक्साना चुसोवितिना

ओक्साना चुसोवितिना ही उझबेकिस्तानची आर्टिस्टिक जिम्नॅस्ट. १९९२ च्या बार्सिलोनापासून २०२१ मध्ये झालेल्या टोकियोपर्यंत ती सलग ८ ऑलिंपिक खेळली आणि एवढे ऑलिंपिक दुसऱ्या कुठल्याही जिम्नॅस्टच्या नावावर नाहीत, बाई असो की पुरुष. ज्या खेळात विशी ओलांडली की पोरींना वयस्कर म्हणायला लागतात तिथे ही ४६ व्या वर्षी व्हॉल्ट, म्हणजे पळत येऊन टेबलावर हात टेकून हवेत कोलांट्या, मारत होती.

जन्म १९ जून १९७५, बुखारा, तेव्हाचं सोव्हिएत संघराज्य. १९८८ मध्ये सोव्हिएत ज्युनियर चॅम्पियन झाली. १९९१ च्या इंडियानापोलिस वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये टीम गोल्ड, फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतींत) गोल्ड आणि व्हॉल्टवर सिल्व्हर. फ्लोअरवरची अंग सरळ ठेवून पूर्ण ट्विस्टसह घेतलेली डबल कोलांटी आजही नियमपुस्तकात तिच्याच नावाने आहे. त्याच वर्षाच्या शेवटी देश फुटला, म्हणून पुढच्या वर्षी बार्सिलोनाला युनिफाइड टीमकडून (आधीच्या सोव्हिएत देशांच्या एकत्र संघाकडून) टीम गोल्ड, आणि मग ती उझबेकिस्तानकडून खेळायला लागली.

पैलवान बाखोदिर कुर्बानोव्हशी लग्न झालं, १९९९ मध्ये मुलगा अलिशेर झाला आणि पुढच्या वर्षी ती सिडनीला खेळली पण. २००२ मध्ये अलिशेरला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असल्याचं कळलं आणि कोलोनच्या क्लबने मदतीचा हात दिला म्हणून घरच सगळं जर्मनीला हललं. उपचाराचा खर्च प्रचंड होता, त्यामुळे बक्षिसाच्या पैशासाठी खेळत राहणं भागच होतं, हे तिने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. २००३ ला अ‍ॅनाहाइममध्ये व्हॉल्टचं वर्ल्ड गोल्ड आलं ते या सगळ्या धावपळीत. २००६ मध्ये जर्मन नागरिकत्व मिळालं, आणि २००८ बीजिंगमध्ये ३३ व्या वर्षी जर्मनीसाठी व्हॉल्टवर सिल्व्हर. उत्तर कोरियाच्या होंग उन-जोंगपेक्षा फक्त ०.०७५ ने मागे, आणि हे तिचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक मेडल, बार्सिलोनानंतर तब्बल १६ वर्षांनी! मुलगा पुढे बरा झाला.

तिची गोष्ट बहुतेक वेळा आईची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती खरीच आहे, पण माझ्या मते त्यात तिची टेक्निक झाकली जाते. मुलगा बरा झाल्यावरही ती १० वर्षांहून जास्त खेळलीच ना. व्हॉल्टचा रनअप जास्तीत जास्त २५ मीटर आणि सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो, बीम (अरुंद तुळई) आणि फ्लोअरसारखं दीड मिनिटापर्यंतचं रुटीन नाही, म्हणून वाढत्या वयात एकाच अ‍ॅपरेटसवर (साधनावर) जोर देणं शहाणपणाचं होतं. पण या काळात खेळ तिच्या पायाखाली बदलत गेला. १९९६ नंतर कंपल्सरी, म्हणजे सगळ्यांना ठरवून दिलेली सारखी रुटीन बंद झाली, २००१ मध्ये घोडा म्हणतात ते व्हॉल्टचं जुनं साधन जाऊन रुंद व्हॉल्टिंग टेबल आलं, २००६ मध्ये परफेक्ट १० मार्कांची पद्धत गेली आणि डिफिकल्टी (किती अवघड) व एक्झिक्युशनचे (किती सफाईने) वेगळे मार्क आले. प्रत्येक बदलानंतर ती पुन्हा फायनलमध्ये दिसायचीच. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १९९१ ते २०११ या काळात एकट्या व्हॉल्टवर तिची ९ मेडल आहेत, एकाच अ‍ॅपरेटसवरचा हा विक्रम आहे.

२०१२ लंडनला व्हॉल्टवर पाचवी आली आणि त्यानंतर परत उझबेकिस्तानकडून. २०१६ रिओची व्हॉल्ट फायनल आपल्याकडे दीपा कर्माकरच्या चौथ्या नंबरमुळे सगळ्यांना आठवते, त्याच फायनलमध्ये ४१ वर्षांच्या चुसोवितिनानेही प्रोदुनोवा नावाचा अवघड व्हॉल्ट टाकला होता. हात टेकून पुढे दोन कोलांट्या, चुकलं तर मान मोडायची भीती. लँडिंगला वेग आवरला नाही, ती पुढे कोलमडली, सातवी आली. सेफ व्हॉल्ट टाकून मेडल मिळणार नव्हतं आणि ती मेडलसाठीच उतरली होती, त्यामुळे मला तो निर्णय अजिबात वेडेपणाचा वाटत नाही.

टोकियोत फायनल हुकली. त्या मैदानातली सिमोन बाइल्स अलिशेरपेक्षा तीन वर्षांहूनही कमी मोठी आणि ऑलराउंड (सगळ्या साधनांचे मार्क मिळून) चॅम्पियन सुनी ली तर त्याच्यापेक्षा लहान, आणि सगळ्या खेळाडूंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिने रिटायरमेंट जाहीर केली आणि काही महिन्यांतच मागे घेतली. २०२३ मध्ये हांगझोऊ एशियन गेम्सला ४८ व्या वर्षी व्हॉल्टवर चौथी आली, पॅरिससाठीही प्रयत्न चालू होता पण २०२४ मध्ये ताश्कंदच्या आशियाई चॅम्पियनशिपमध्ये दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली आणि नववं ऑलिंपिक राहिलं.