स्मार्ट ट्रेनर घरी लावण्याआधी हे वाचा

जून लागला, रस्ते निसरडे झाले की आमच्या पुण्यातल्या सायकलच्या दुकानातून स्मार्ट ट्रेनर, म्हणजे सायकल बसवून घरातच चालवायचं, अ‍ॅपला जोडलं जाणारं यंत्र, जाऊ लागतात आणि पाठोपाठ फोन येतात: 'अहो, अ‍ॅपमध्ये ट्रेनर दिसतच नाही!' बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं, अडलेलं असतं ते जोडणीत. म्हणून हा कागद खोक्यात ठेवतो आहोत.

सायकल बसवताना

चाक काढून लावायचा ट्रेनर असेल तर मागचं चाक काढण्याआधी चेन सगळ्यांत लहान चक्रावर घ्या. डिस्क ब्रेक असतील तर चाक निघाल्यावर मागचा ब्रेक चुकूनही दाबू नका. पॅड आत सरकून एकमेकांना भिडतात आणि डिस्क परत शिरत नाही. पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवलीत तर निर्धास्त.

ट्रेनरवरची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) सायकलच्या गिअरइतकीच हवी. ट्रेनरचा फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) 11 स्पीडचा आणि कॅसेट 8, 9 किंवा 10 ची असेल तर आधी 1.85 मिमीची चकती घालावी लागते. ती राहिली की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी रिंग) कितीही आवळा, कॅसेट डुगडुगतेच. सायकल दुकानात आणलीत तर हे आम्हीच करून देऊ, वेगळे पैसे नाहीत.

जोडणी

ट्रेनर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडू नका. झ्विफ्ट किंवा सायकलिंगचं जे अ‍ॅप वापरणार असाल, त्याच्या आतूनच जोडा. ब्लूटूथवर बरेच ट्रेनर एका वेळी एकाच उपकरणाला धरतात. एका ग्राहकांच्या घरी लॅपटॉपवर ट्रेनर येईना म्हणून आम्ही तासभर खटपट केली. टेबलावर पालथ्या पडलेल्या फोनमध्ये ट्रेनरचं अ‍ॅप मागे चालू होतं! ते बंद केलं आणि लगेच वॅटचा (पेडलवर लावलेल्या ताकदीचा) आकडा हलू लागला. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न हाच असतो: फोन कुठे आहे?

अँट प्लस (ANT+) ही सेन्सरसाठीची दुसरी बिनतारी जोडणी, तिच्यावर ही अडचण नाही, एकाच सेन्सरचे आकडे अनेक उपकरणांना मिळतात. मात्र लॅपटॉपला त्यासाठी यूएसबी डोंगल (सिग्नल पकडणारी छोटी कांडी) लागतं. ते लांब वायरीने ट्रेनरजवळ आणा, म्हणजे सिग्नल तुटत नाही. आयफोनवर अँट प्लस नाही, तिथे ब्लूटूथच.

हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा बांधण्याआधी आतली रबरी पट्टी पाण्याने ओली करा. कोरड्या पट्ट्यावर ठोके उगाच वरखाली दिसतात.

चालवताना

चाक न काढता लावायचा ट्रेनर असेल तर टायरमध्ये दर वेळी तेवढीच हवा ठेवा, दहा मिनिटं चालवून सगळं गरम होऊ द्या आणि मगच अ‍ॅपमधून कॅलिब्रेशन (वॅटचा आकडा अचूक जुळवणं) करा. थंड टायरवर केलं तर वॅट चुकतात.

अर्ग मोड (ERG) म्हणजे ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतःच सांभाळतो. पाय मंदावले की तो भार वाढवतो, पेडल आणखी जड होतं आणि पाय जागच्या जागी अडतात. अशा वेळी झगडू नका. क्षणभर पेडल मारणं थांबवा, मग हलके फिरवत वेग घ्या.

समोर मोठा पंखा हवाच. हँडलवर टॉवेल टाका, घामाने हेडसेटचे (हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याचे) बोल्ट गंजतात.

एवढं करूनही अडलं तर ट्रेनरचा आवाज येईल असा छोटा व्हिडिओ दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आवाजावरून आम्हाला पुष्कळ कळतं.