कमी दाबाने प्राणवायूपुरवठा

लडाख मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की पुणे, मुंबई, सातारा इथल्या रनिंग ग्रुपांवर एक जुनाच संदेश नव्याने फिरू लागतो. लेहच्या हवेत ऑक्सिजन फक्त साठ-पासष्ट टक्के असतो, म्हणून कापराची पुरचुंडी जवळ ठेवावी आणि दम लागला की हुंगावी, असा त्याचा आशय असतो. यंदाही तो माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या मित्रांकडून पोहोचला आणि तिघेही उत्तम धावपटू आहेत. या एका संदेशात दोन चुका आहेत. त्या दुरुस्त करताना जी गोष्ट हाती लागते ती मला शरीरशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटते, म्हणून हा लेख.

पहिली चूक टक्केवारीची. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, कळसूबाईच्या माथ्यावर आणि लेहच्या बाजारात, तिन्ही ठिकाणी हवेच्या शंभर रेणूंमध्ये ऑक्सिजनचे सुमारे एकवीसच रेणू असतात. उंचीबरोबर कमी होतो तो हवेचा एकूण दाब, आणि त्या दाबातला ऑक्सिजनचा वाटा, म्हणजेच ऑक्सिजनचा अंशदाब. शरीराला फरक पडतो तो या अंशदाबाने, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी दाबाच्या बंद कोठड्यांमध्ये प्रयोग करून १८७८ साली आपल्या ग्रंथात मांडले. ज्या शहरात 'उद्या कमी दाबाने पाणीपुरवठा होईल' ही सूचना महिन्यातून एकदा तरी वाचायला मिळते, तिथल्या वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. त्या दिवशी पाणी तेच असते, नळ तोच असतो, फक्त हंडा भरायला वेळ लागतो.

२०१२ साली सुरू झालेली लडाख मॅरेथॉन सप्टेंबरमध्ये होते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे लेहच्या निम्मेही नाही. पूर्ण मॅरेथॉनचा मार्ग लेहहून खाली सिंधूच्या खोऱ्यात उतरतो, नदी ओलांडून जवाच्या शेतांमधून आणि पॉप्लरच्या रांगांखालून जातो आणि शेवटी पुन्हा चढ चढून लेहमध्ये येतो. ज्यांना एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी खारदुंग ला चॅलेंज ही ७२ किलोमीटरची शर्यत आहे. ती पहाटेच्या अंधारात खारदुंग गावातून निघते आणि ५,३५९ मीटर उंचीची खिंड ओलांडून लेहला उतरते. (या खिंडीची उंची १८,३८० फूट असल्याचे फलकांवर आणि टी-शर्टांवर वर्षानुवर्षे छापले गेले. प्रत्यक्ष मोजणीत ती त्याहून सुमारे आठशे फुटांनी कमी भरते. खिंड आहे तेवढीही पुरेशी उंच आहे, तिला फुगवण्याची काही गरज नव्हती.)

आता थोडे अंकगणित करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. श्वासाबरोबर आत गेलेली हवा नाकातोंडातच ओली होते आणि ही वाफ ४७ मिलिमीटर जागा अडवते. ही वाफेची वजाबाकी एव्हरेस्टवरही तेवढीच राहते, कारण ती शरीराच्या तापमानावर ठरते. उरलेल्या ७१३ चे एकवीस टक्के म्हणजे सुमारे १५०, हा झाला ऑक्सिजनचा अंशदाब. लेहला हवेचा दाब सुमारे ५०० असतो, त्यामुळे हाच आकडा तिथे ९५ वर येतो आणि खारदुंग ला खिंडीत सुमारे ७५ वर, म्हणजे समुद्रसपाटीच्या निम्म्यावर.

पण ही हवा फुप्फुसाच्या वायुकोशात पोहोचते तेव्हा तिथे रक्तातून आलेला कार्बन डायऑक्साइड आधीच बसलेला असतो आणि त्यालाही जागा हवी असते. त्याचा दाब एरवी ४० असतो आणि श्वसनाचा हिशेब मांडला तर तो ऑक्सिजनच्या वाट्यातून साधारण ५० कमी करतो. समुद्रसपाटीला १५० मधून ५० गेले तरी १०० उरतात, ते पुरेसे असतात. लेहला मात्र ९५ मधून ५० गेले तर ४५ उरतील आणि तेवढ्यावर रक्तातले ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन जेमतेम ऐंशी टक्के भरेल. शरीर यावर जो उपाय करते तो विलक्षण साधा आहे. ते जास्त श्वास घेते. जास्त श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, त्याचा दाब ४० वरून ३० वर येतो आणि तेवढी जागा ऑक्सिजनला मिळते. ४५ चे ५७ होतात आणि हिमोग्लोबिन नव्वद टक्क्यांच्या जवळ पोहोचते. लेहला उतरल्यावर नुसते बसल्या जागी जे अधूनमधून खोल उसासे येतात, ते ही जागा रिकामी करण्याचे काम असते.

बसल्या जागी हे ठीक चालते. धावायला लागल्यावर काय होते ते पाहण्यासाठी एका तांबड्या पेशीबरोबर फुप्फुसात जाऊ या. वायुकोशाच्या भिंतीला लागून ज्या केशवाहिन्या, म्हणजे अतिबारीक रक्तवाहिन्या, असतात त्यांतून ही पेशी विश्रांतीच्या वेळी साधारण पाऊण सेकंदात पार होते. या पाऊण सेकंदात तिने ऑक्सिजन भरून घ्यायचा असतो. समुद्रसपाटीला दाब इतका चांगला असतो की ती पहिल्या पाव सेकंदातच भरते आणि उरलेला अर्धा सेकंद नुसती पुढे सरकत राहते. ही अर्ध्या सेकंदाची शिल्लक म्हणजे निसर्गाने ठेवलेली गंगाजळी आहे. आपण जोरात धावतो तेव्हा हृदय मिनिटाला पाचऐवजी वीस लिटर रक्त ढकलू लागते, केशवाहिन्यांतला मुक्काम घटत घटत पाव सेकंदापर्यंत येऊ शकतो, आणि तरीही समुद्रसपाटीवरच्या बहुतेक धावपटूंचे रक्त फुप्फुसातून भरूनच बाहेर पडते.

लेहला नळाचा दाब कमी आहे आणि हंड्यांची रांग मात्र धावते आहे. इथे आणखी एक बारकावा आहे, तो जरा सावकाश वाचावा. हिमोग्लोबिन किती भरले आणि ऑक्सिजनचा दाब किती आहे यांचा आलेख सरळ रेषेत जात नाही, तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. १०० पासून ६० पर्यंत दाब उतरला तरी भरणा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरून नव्वदपर्यंतच येतो. ६० च्या खाली मात्र कडा लागतो. ४० ला पंचाहत्तर टक्के, २७ ला निम्मे. धावणाऱ्या स्नायूंनी पिळून काढलेले रक्त फुप्फुसात येते तेव्हा ते या कड्याच्या तळाशी असते. तिथून वर चढताना हिमोग्लोबिन ऑक्सिजन भराभर गिळत जाते, पण तेवढ्याने रक्तातला दाब फारसा वाढत नाही, जसे कोरड्या जमिनीवर कितीही पाणी ओतले तरी वर पाणी साचत नाही. म्हणजे रक्ताला फार मोठा भरणा हवा आहे, तो ढकलणारा दाब कमी आहे आणि वेळ पाव सेकंदाचा आहे. पेशी अर्धवट भरलेल्या अवस्थेतच केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते आणि तशीच पुढे पायांकडे निघून जाते. जास्त जोर लावला तर ती आणखी रिकामी जाते.

हे मी स्वतःच्या बोटावर पाहिले आहे. लेहच्या दुसऱ्या दिवशी खोलीत बसून, हिमोग्लोबिन किती टक्के भरले ते दाखवणारा ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ८९ होता. त्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पाचशेहून अधिक पायऱ्या, उत्साहाच्या भरात, मी पुण्याच्या वेगाने चढलो. वरती गार वारा होता आणि गार बोटांवर हे यंत्र चुकीचे आकडे दाखवते, म्हणून तळहात चोळून बोट गरम केले आणि मग यंत्र लावले. ७८. कठड्याला टेकून उभा राहिलो आणि त्या छोट्या लाल आकड्याकडे बघत राहिलो. दीड-दोन मिनिटांत तो ८० झाला, ८३ झाला, ८६ वर स्थिरावला. समोरची हिमशिखरे त्या दिवशी माझी पाहायची राहिली.

या कारणाने समुद्रसपाटीवरचा तंदुरुस्त धावपटू लेहला आपल्या कमाल क्षमतेचा साधारण पाचवा हिस्सा गमावतो. १९६८ चे ऑलिंपिक मेक्सिको सिटीला, अवघ्या २,२४० मीटरवर झाले. विरळ हवेचा अडथळा कमी असल्याने तिथे बॉब बीमन यांची लांब उडी ८.९० मीटरवर गेली, पण १०,००० मीटरची शर्यत जिंकायला नफ्ताली टेमू यांना २९ मिनिटांहून अधिक लागली. त्या वेळचा विश्वविक्रम २७ मिनिटे ३९ सेकंदांचा होता. तो ज्यांच्या नावावर होता ते रॉन क्लार्क त्याच शर्यतीच्या अखेरीस कोसळले.

मग आयोजक शर्यतीच्या पुष्कळ दिवस आधी येऊन राहण्याचा आग्रह का धरतात? बहुतेकांचे उत्तर असते की तेवढ्यात नवे रक्त तयार होते. ही समजूतही दुरुस्त करायला हवी. नवे रक्त बनवण्याचा संदेश काही तासांत निघतो हे खरे, पण तांबड्या पेशी लक्षणीय वाढायला आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणीत हिमोग्लोबिन वाढलेले दिसते ते मुख्यतः रक्तातले पाणी कमी झाल्यामुळे. त्या दिवसांतले खरे काम मूत्रपिंडे करत असतात. जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड घटला की रक्त अल्कलीकडे झुकते आणि मेंदूतले श्वसनकेंद्र श्वासाला लगाम घालते. मानेतल्या रोहिणीजवळची इवलीशी संवेदक गाठ 'श्वास वाढव' म्हणत असते आणि मेंदू 'पुरे' म्हणत असतो. पहिल्या रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि दचकून जाग येते, ती या ओढाताणीमुळे. मूत्रपिंडे दोन-चार दिवसांत जादा बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातला अल्कलीधर्मी घटक, लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्त पूर्वपदाच्या जवळ येते, लगाम सुटतो. डायमॉक्स नावाने मिळणारे औषध हेच काम घाईने करवते, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आता कापूर. त्याच्या वासाने नाकातल्या गारवा जाणणाऱ्या चेतातंतूंना चेतना मिळते आणि नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. हवेचा प्रवाह मोजला तर तो तेवढाच भरतो. २०२१ च्या साथीत कापूर, ओवा आणि लवंगांच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढतो, हा संदेश ऐकून लोकांनी रुग्णालयात जायला उशीर करू नये म्हणून डॉक्टरांना जीव तोडून सांगावे लागले होते, आणि डोंगरात तो धोका तेवढाच खरा आहे, कारण बरे वाटल्याच्या भावनेत माणूस खाली उतरायचे टाळतो. ऑक्सिजनच्या हलक्या डब्यांचेही तसेच. दहा लिटर वायूचा डबा मिनिटाला शंभर लिटर हवा ओढणाऱ्या धावपटूला सहा सेकंद पुरेल.

आणि तंदुरुस्ती हे कवच नाही. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातला सराव पायांना चढ-उतार शिकवतो, पण त्या उंचीला मूत्रपिंडांना काहीच शिकायचे नसते. १९६२ च्या युद्धात आणि नंतर हिमालयात घाईने नेलेल्या १,९२५ जवानांच्या उंचीवरच्या आजाराची नोंद भारतीय लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ते सारे कसलेले तरुण होते. डोकेदुखी, मळमळ हे आहे त्या उंचीवरच थांबण्याचे इशारे आहेत. बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला किंवा चालताना तोल जाणे हे मात्र ताबडतोब खाली उतरण्याचे.

शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात स्पितुकहून लेहकडे चढ लागतो. मैदानी भागातून आलेले बहुतेक धावपटू तिथे चालू लागतात आणि पुष्कळांना त्याची खंत वाटते. मला वाटत नाही. मी तिथे दोनशे पावले चालायचो आणि शंभर धावायचो. चालायला लागले की हृदयाचा वेग उतरतो, केशवाहिन्यांतली रांग मंदावते, तांबड्या पेशीचा पाव सेकंद वाढून अर्धा होतो, आणि तेवढ्या वेळात तिचा हंडा आणखी थोडा भरतो.