'प्रेसमध्ये लागला' म्हणजे नक्की कुठे?

नाशिकरोडला एखाद्याचा मुलगा 'प्रेसमध्ये लागला' असं कळलं, तर तो बातमीदार झाला असं कुणाच्या मनातही येत नाही. इथे प्रेस म्हणजे नोटांची. आधी १९२५ च्या सुमारास इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. तोवर आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. मग १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस आली आणि पाच रुपयांच्या नोटेपासून छपाई सुरू झाली. बाहेरगावचा पाहुणा मात्र स्कूटरवर 'प्रेस' वाचून पत्रकार शोधत बसतो.

शब्दाचं मूळ लॅटिन 'प्रेमेरे', म्हणजे दाबणे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ होता गर्दी, रेटारेटी. पर्वणीला रामकुंडाकडे जाताना माणूस चालत नाही, मागच्यांच्या रेट्याने पुढे सरकतो, तसली गर्दी. मग द्राक्षं पिळायचं यंत्रही प्रेस झालं आणि कपडे ठेवायचं कपाटही.

युरोपात यंत्रावरची छपाई आली ती १४५० च्या आसपास. जर्मनीतलं माइंत्स हे ऱ्हाइनकाठचं, द्राक्षमळ्यांच्या मुलखातलं गाव. तिथल्या गुटेनबर्गने खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवले, पण कागदावर दाब द्यायला मळसूत्राचं यंत्र घेतलं ते द्राक्षं पिळायच्या यंत्राच्या जातीचंच. यंत्राबरोबर नावही आलं. गंमत म्हणजे 'प्रिंट' हा शब्दसुद्धा त्याच 'प्रेमेरे'चा. म्हणजे प्रिंटिंग प्रेस हा दुहेरी दाब! कॉलेज रोडवरच्या कॅफेतली एस्प्रेसोही याच घरची, दाबून काढलेली. मराठीने वाट वेगळी धरली. छाप, ठसा, मुद्रण हे आपले शब्द उमटलेल्या खुणेचे, इंग्रजीचा शब्द जोराचा. मला आपला 'छापखाना' जास्त आवडतो, पण नाशिकरोडला तो कुणी म्हणत नाही.

छापखान्यावरून वर्तमानपत्रं आणि पुढे पत्रकारांची सगळी जमातच 'प्रेस' झाली. सरकारी कचेरीतलं 'इम्प्रेस्ट' मात्र या कुळातलं नाही, नुसतं सारखं दिसतं. ते आगाऊ रक्कम देण्याच्या वेगळ्या लॅटिन क्रियापदावरून आलं.

दाब अजूनही बोटाला लागतो. शंभराच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवा, शाई किंचित उंच लागेल. कोरलेल्या प्लेटच्या खाचांत शाई भरून कागद प्रचंड जोराने तिच्यावर दाबला जातो, म्हणून.

युरोपात आधी द्राक्षं, मग छपाई. नाशकात उलटं झालं: छपाई १९२५ ची, वाइनरींची रांग लागली ती २००० नंतर. गंगापूर धरणाकडच्या एका वाइनरीत आम्ही काकांना घेऊन गेलो होतो. उभी नोकरी नोटांच्या प्रेसमध्ये केलेला माणूस. स्टीलचं एक आडवं पिंप होतं. आतली पिशवी हवेने फुगते आणि द्राक्षांना जाळीवर दाबत नेते, खाली रस ठिबकतो. दाखवणारी मुलगी म्हणाली, "ही आमची प्रेस."

काकांनी पिंपाला एक फेरी मारली आणि विचारलं, "बाहेर पडताना झडती घेतात का?"