मेंदूतले जीन्स एकत्र का बघायला लागले?

स्किझोफ्रेनिया, ऑटिझम घराण्यात चालतात हे जुनंच माहितीये, पण नेमका जीन कुठला हे शोधायला गेलं की घोडं अडायचं. डीआयएससी-वन, सीओएमटी असे एकेक संशयित जीन धरून वर्षानुवर्षं अभ्यास झाले आणि सॅम्पल मोठं झाल्यावर त्यातलं फारसं काही टिकलं नाही. मग २०१४ ला स्किझोफ्रेनियासाठी जीनोममध्ये एकदम १०८ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक. एवढ्या जागांचं करायचं काय?

जीन्स सुटे न बघता गटाने बघायचे, या उत्तराची तयारी आधीपासून दुसरीकडे चालू होती. १९९५ च्या सुमारास मायक्रोअ‍ॅरे आला, हजारो जीन्सची अ‍ॅक्टिव्हिटी एकदम मोजता यायला लागली, आणि १९९८ मध्ये यीस्टवर दिसलं की जे जीन्स सोबत चढतात-उतरतात ते बऱ्याचदा एकाच कामावर असतात. २००५ मध्ये यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या बिन झांग आणि स्टीव्ह हॉर्वाथ यांनी यातून जीन्सचं अख्खं नेटवर्क बांधायची पद्धत दिली, तीच डब्ल्यूजीसीएनए, आजही सर्रास वापरतात.

मला सगळ्यात भारी वाटतो तो २००८ चा मायकल ओल्डहॅम आणि सहकाऱ्यांचा पेपर. मेंदूचा तुकडा सरसकट घेतलेला, पेशी वेगळ्या केलेल्याच नाहीत, तरी नुसत्या गणितातून जीन्सचे जे गट पडले त्यातले काही चक्क न्यूरॉन, ऑलिगोडेंड्रोसाइट, अ‍ॅस्ट्रोसाइट, मायक्रोग्लिया अशा मेंदूतल्या वेगवेगळ्या पेशीप्रकारांचे निघाले! अर्थात यातच एक खाच आहे, आजारी मेंदूत एखादा गट "कमी" दिसला तर जीन्स मंदावलेत की त्या पेशीच कमी झाल्यात हे लगेच कळत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड, हा बदल आजाराचं कारण की परिणाम? कारण टिश्यू मिळतो तो मृत्यूनंतर, तोवर आजाराची आणि औषधांची कित्येक वर्षं त्यावरून गेलेली असतात. २०११ मध्ये १९ ऑटिझम असलेल्या आणि १७ नसलेल्या लोकांच्या मेंदूंची तुलना झाली, त्यात न्यूरॉनचा गट खाली गेलेला आणि इम्यून-ग्लियाचा (रोगप्रतिकार आणि न्यूरॉनच्या साथीदार पेशींचा) वर आलेला, पण ऑटिझमशी जोडलेले अनुवांशिक फरक जास्त करून न्यूरॉनच्याच गटात होते, म्हणजे इम्यूनचा बदल बहुधा मागाहून आलेला. डीएनए जन्माआधीच ठरलेलं असल्यामुळे कारण आणि परिणाम वेगळे करायला त्याचाच आधार. २०१३ मध्ये याच वाटेने दोन टीम्स गर्भातल्या कॉर्टेक्सपर्यंत, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचल्या, ऑटिझमचे बरेच जीन्स तिथे गर्भावस्थेच्या मध्यावर एकत्र अ‍ॅक्टिव्ह असतात.

२०१८ ला पाच आजार शेजारी ठेवून बघितले. ऑटिझम, स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांच्यातले जीन्स चढण्या-उतरण्याचे पॅटर्न बरेच जुळले, दारूच्या व्यसनाचा वेगळा पडला, आणि ज्या आजारांचं जेनेटिक्स जास्त सामायिक त्यांचेच पॅटर्न जास्त जुळत होते.