फेस आला म्हणजे जखम स्वच्छ झाली?

‘प्रथमोपचार पेटीत हायड्रोजन पेरॉक्साइड हवंच, जखमेवर फेस आला की जंतू मेले समजा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. फसफस डोळ्यांना दिसते, म्हणून पटतोही.

पण तो फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. जंतू असोत-नसोत, फेस येणारच. पडताळायचंय? ताज्या चिरलेल्या बटाट्यावर 3 टक्क्यांच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. तोही फसफसतो, आणि त्याला कुठे जखम चिघळलीय!

पेरॉक्साइड जंतू मारतं हे खरं, पण जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही इजा करतं. किरकोळ जखमेला वाहतं स्वच्छ पाणी पुरतं, भोवतालच्या त्वचेला साबण. पेटीतली ती जागा निर्जंतुक गॉजला द्या. जखम खोल असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तर मात्र थेट डॉक्टर.